हवेतली चूल

तुम्ही कधी रिकाम्या हवेत बोट दाखवून सांगितलं आहे का, 'तिथं माझी चूल होती' म्हणून?

मी तसं सांगणारी बाई पाहिली आहे. तिनं बोट केलं त्या जागी घर नव्हतं. पडकी भिंत नव्हती, जोतं नव्हतं, मातीसुद्धा नव्हती. होता तो नुसता खड्डा, आणि त्याच्या पार तळाशी एक अजस्र यंत्र जमीन खरवडत होतं. बाईनं बोट जरा डावीकडे सरकवलं आणि म्हणाली, "नाही, तिथं नाही. थोडी अलीकडे. खिडकी त्या बाजूला होती ना." ती हवेत खिडकी शोधत होती, खिडकीवरून चूल.

आमच्या तांड्यातली पोरं म्हणतात, त्या बाईनं माझं शिक्षण नासवलं. त्यांचं म्हणणं मी आत्ता खोडत नाही. आधी सगळं सांगतो.

आमचा तांडा मारेगावकडच्या कापसाच्या पट्ट्यात आहे. बाजाराला पायी जाता येतं. माझे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. त्या फिरण्याला आमच्यात लदेणी म्हणतात. आगगाडी आली, सडका झाल्या, लदेणी बसली, आणि तेच बैल वखराला जुंपले गेले. माझ्या वडिलांनी शेवटची लदेणी अगदी लहानपणी पाहिली. ते तांड्याचे नायक. नायकाचा मुलगा पुढे नायक होतो, असा आमच्याकडचा रिवाज आहे, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून मला त्या रिवाजाचा राग आहे.

तो राग मला पत्रकांनी दिला. मारेगावच्या बाजारात एक शिंपी होता. त्याच्या मशीनच्या खणात रिळांच्या शेजारी पत्रकांच्या गड्ड्या असत. स्वस्त कागद, बोटाला लागणारी शाई. छप्पन साली मी शाळेत होतो. राज्यांच्या सीमा बदलत होत्या, कोण कुणाच्या राज्यात जाणार याच्यावर बाजारात भांडणं होत होती, आणि शिंपी मान खाली घालून शिवता शिवता मला म्हणायचा, "वाच. नाई समजलं तरी मोठ्यानं वाच. आवाज गेला पायजे."

मी तांड्यावर येऊन मोठ्यानं वाचायचो. दिवे लागायच्या वेळी माणसं ओट्यावर बसत, बा मधोमध. (आम्ही घरात गोरबोलीच बोलतो. तुम्हाला कळावं म्हणून इथं ते बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे.) वाचून झालं की बा विचारायचा, "हे कोनं लिव्हलं?"

"नाव नाही टाकलं, बा."

"नाव नाही टाकलं, म्हंजे भेते तो."

माणसं हसायची. मी चिडायचो. कारण मला ती पत्रकं तोंडपाठ होती आणि त्यांतला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता. जन्मानं कुणी मोठा नाही. कसणाऱ्याची जमीन. खाणी, वीज, कारखाने देशाच्या मालकीचे झाले की गरीब माणूस मान ताठ करेल. वणीकडे कोळशाची खाण होती. आमच्यातली काही माणसं तिथं जात, ठेकेदाराच्या शिव्या खाऊन परत येत. मी विचार करायचो, खाणीला मालकच नसला तर? शिव्या कोण देईल? माझा बेत तिथं ठरला. खाणीचा इंजिनियर व्हायचं आणि आपल्याच शिवारात बिनमालकाची खाण उघडायची. तांड्याला मी तसा शब्द दिला होता. बानं तो मोठ्या खुशीनं ऐकला होता.

यवतमाळला कॉलेज, मग नागपूर, आणि तिथून शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनी. कामगारांचं राज्य! शिंप्यानं मला कोट शिवून दिला आणि स्वतःच रडला. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, जवसाची चटणी फडक्यात बांधून दिली. तिथल्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या जर्मन मुलानं फडक्याचा वास घेतला आणि फार आदरानं विचारलं, "हे बुटांना लावायचं का?"

त्या देशाबद्दल मी वाईट लिहिणार नाही. लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या वर्षी भाषा शिकलो, मग खाणकाम. तिथं मला कुणी जात विचारली नाही. आमचे प्राध्यापक चहाचा कप स्वतः विसळत. यवतमाळच्या वसतिगृहात मी आमच्या बोलीत एक शब्द उच्चारला की पोरं टाळ्या पिटून नाचत. इथं सगळ्यांनाच माझी भाषा सारखीच अनोळखी, त्यामुळे चेष्टेला जागा नव्हती. रस्त्यारस्त्यांत कोळशाच्या धुराचा आंबूस वास असे आणि मला तो आवडायचा. मी तांड्यावर लिहून पाठवायचो, पत्रकात होतं ते खरं आहे, बा, मी डोळ्यांनी बघून राह्यलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी देशाच्या पूर्वेला पाठवलं. तोवर खाण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वणीकडची खाण यायची. जमिनीत एक तोंड, माणसं आत जातात, काळी होऊन बाहेर येतात, वर शेत तसंच. इथली खाण उघडी होती. आधी वरची सगळी जमीन काढून टाकायची, मग कोळसा उचलायचा. यंत्र इतकं मोठं की आमचा अख्खा बाजार त्याच्या एका चाकाखाली मावला असता. ते हळूहळू पुढे सरकत होतं आणि त्याच्यामागे जमीन संपत होती. मी टाळ्या वाजवल्या. कामगारांचं यंत्र, कामगारांचा कोळसा. बाकीचे विद्यार्थीही वाजवायला लागले.

आम्हाला राहायला घरं वाटून दिली होती. माझ्या वाट्याला एका म्हातारीचं घर आलं. नवी वसाहत, तिसरा मजला, नळाला गरम पाणी. म्हातारी घोळदार घागरा घालायची आणि डोक्याला भरतकामाची टोपी बांधायची. जिन्यातून ती वर येताना दिसली तेव्हा मला क्षणभर आमच्या बाया आठवल्या, फेटिया, म्हणजे आमचे घेरदार घागरे, सावरत विहिरीवरून येणाऱ्या. ती जर्मन नव्हती. सोर्ब म्हणून एक लहानसा समाज त्या भागात राहतो, त्यांची भाषा निराळी. घरात ती भाषा, बाहेर जर्मन. जर्मन त्यांना एका नावानं ओळखत, ते स्वतःला दुसऱ्या. आम्हाला लोक लमाण, बंजारा काय वाटेल ते म्हणतात आणि आम्ही स्वतःला गोर म्हणतो, तसंच.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला तिनं उकडलेले बटाटे वाढले, त्यावर चक्क्यासारखं घट्ट दही आणि वरून तेल. ताटातून वास आला आणि माझा हात थांबला. जवसाचं तेल होतं ते. मी तिला सांगितलं की हा वास माझ्या आईच्या हाताचा आहे. तिनं बाटलीच माझ्यापुढे सरकवली.

त्यानंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, "चल, माझं गाव दाखवते." मला वाटलं, कुठंतरी जायचं असेल. ती मला खाणीच्या काठावर घेऊन गेली आणि तिनं हवेत बोट दाखवलं.

मी विचारलं, "कुणी घेतलं तुमचं घर?" माझ्याजवळ या प्रश्नाचं एकच उत्तर तयार होतं. मालकानं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "खाण तर आपल्या सगळ्यांची आहे ना?"

"मग मालक?"

"मालक कधीचाच पळून गेला."

"तुम्ही भांडला नाहीत?"

"कुणाशी?" तिनं माझ्याकडे बघितलं. ती टोमणा मारत नव्हती, मला खरंच विचारत होती. "घर चांगलं दिलंय त्यांनी. ऊब आहे. जिने फार आहेत, पण ऊब आहे." मग म्हणाली, "माझ्या बहिणीनं घर विकलं होतं तरुणपणी. अजून ती त्या रस्त्यानं जाते तेव्हा थांबते, परक्याच्या खिडकीतले पडदे बघते आणि नावं ठेवते. मला नावं ठेवायलासुद्धा काही ठेवलं नाही."

मी शिकलेल्या एकाही पत्रकात या बाईला जागा नव्हती. मालक नव्हता. जुलूम नव्हता. घर मिळालं होतं, तेही चांगलं. आणि तरी गाव गेलं होतं. आपण वाचलेलं खोटं ठरलं तर माणूस लेखकाला शिव्या देऊन मोकळा होतो. माझं वाचलेलं खोटं ठरलं नव्हतं, अपुरं ठरलं होतं. त्याचा राग कुणावर काढावा हे मला अजून उमगलेलं नाही.

कॉलेजात परतल्यावर मी पुस्तक उघडलं. खाणीच्या शास्त्रात कोळशाच्या वर जे जे असतं त्याला एकच शब्द आहे. त्याचा अर्थ, काढून टाकायचा वरचा बोजा. माती, मुरूम, झाडाची मुळं, सगळं त्यात. मी प्राध्यापकांना विचारलं, "आणि गाव?" ते भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तो आपला विषय नाही."

तेव्हापासून तोच माझा विषय झाला. परीक्षा मी दिल्या, पदवीही घेतली. पण सुट्टी मिळाली की मी म्हातारीच्या वसाहतीत असे. लोकांना विचारत असे, तुम्हाला कधी कळलं? कुणी सांगितलं? कुठल्या भाषेत? बायांना बोलावलं होतं का? तिथल्या शाळेत मुलं दोन्ही भाषा लिहीत. आमची बोली मी कुठंच लिहिलेली पाहिली नव्हती, म्हणून एका रात्री बसून याडीच्या बोलीतले शब्द कागदावर उतरवायला लागलो आणि पहाटेपर्यंत उतरवत राहिलो. विद्यार्थ्यांची काळजी घेणाऱ्या अधिकाऱ्यानं मला बोलावून घेतलं. "तुम्ही इथं कोळसा शिकायला आला आहात," तो म्हणाला. खरं होतं ते. तांड्यानंही मला त्याचसाठी पाठवलं होतं.

गेल्या साली परत आलो. एसटीतून उतरून तांड्याकडे निघालो तर नगारा ऐकू आला. मला वाटलं लग्न आहे. शिवारात, आमच्या तुरीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, कापडी तंबू लागले होते आणि लोखंडाची एक उंच तिकाटी उभी होती. ती मी लांबूनच ओळखली. जमिनीला भोक पाडून खाली काय आहे ते बघायचं यंत्र होतं ते.

बा सामोरा आला. पांढरंशुभ्र पागोटं, हातात परात, परातीत गूळ.

"कायचा गूळ, बा?"

"तुयी खान आली!" बा ओरडलाच. "तू यायच्या आंदी येऊन बसली, लेका!"

परात सगळ्यांपुढे फिरत होती. आमच्यात गूळ खाणं म्हणजे तोंड गोड करणं नव्हे. सोयरीक ठरली की दोन्ही बाजू गूळ खातात, आणि एकदा खाल्ला की शब्द फिरत नाही. बानं तोच गूळ खाणीच्या साहेबाला खाऊ घातला होता. साहेबाला वाटलं, भोळ्या लोकांचा पाहुणचार आहे. त्यानं हात पुसले आणि आभार मानले. तांड्याला वाटलं, सोयरीक झाली.

घरी बसल्यावर मी बाला विचारलं, "साहेबानं काय इचारलं तुले?"

"इचारलं, तांडा उठवा लागीन, उठसान काय?" बा हसायला लागला. "आपल्याले इचारून राह्यला तो! म्या म्हनलं, साहेब, आमची उमर गेली उठन्यात. कुनब्याले इचारा, तो रडन. गोराचा तांडा सकाळी उठते, दुपारी सडकीवर राह्यते."

"अन् परत?"

"परत काय? लदेनीतून परत येतच होते सारे. तुयी आजी सांगे. पुढच्या साली त्याच मुक्कामी उतरले का बाया पयले आपापल्या चुलीचे दगडं पाहात. तीन दगडं, काळे पडलेले, जसे ठेवले तसेच. हिचे दगडं तिनं घेतले म्हनून भांडनं होत. उठनं म्हंजे काय जानं असते काय?"

मी बाकडे बघत राहिलो. त्याची चूक मला लख्ख दिसली. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. शेतकऱ्यानं तर नाहीच; त्याला जागा सोडायची म्हणजे छातीत धडकी भरते. पिढ्यान् पिढ्या उठत आलेल्या माणसांनाच उठण्याची भीती नसते. कारण त्यांच्या अनुभवात मागची जमीन कधी नाहीशी झालेली नसते. माणसं जातात, जमीन वाट बघते. बानं शब्द दिला होता तो त्या जमिनीच्या भरवशावर.

दुसऱ्या दिवशी मी तंबूत गेलो. साहेब माझ्याच वयाचा, नागपूरकडचा, उन्हानं रापलेला. पदवी कुठली ते कळल्यावर त्यानं मला आपली खुर्ची दिली. "अरे, तुमच्यासारख्यांचीच वाट बघतोय आम्ही. अर्ज टाका. तुमच्याच गावात नोकरी, आणखी काय पाहिजे?"

"खाण कशी? आतली की उघडी?"

"कोळसा वरच आहे. उघडीच परवडेल."

"हे वडिलांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि मग नजर चुकवत, "मलाही वाटलं, त्यांना माहीत असेल. फार खूश होते ते."

मी अर्ज टाकला नाही. तांड्याची नसाब, म्हणजे आमची पंचायत, बसवायला सांगितली. दुसऱ्याच सकाळी बसली, देवळापुढच्या लिंबाखाली. बा मधोमध, बाप्ये गोल करून, बाया नेहमीप्रमाणे मागं भिंतीला टेकून उभ्या. मी उभा राहिलो आणि पत्रकासारखं बोललो. हक्क, विस्थापन, विकास, सगळं. माझा आवाज चांगला गेला. समजलं मात्र कुणालाच नाही.

माझ्या बरोबरीचा एक जण उठला. लहानपणी आम्ही दोघं एकाच बैलबंडीत बसून बाजाराला जायचो. "काहून बे," तो म्हणाला, "तू म्हने खान आनतो. आता खान आली तं म्हनते नोको. तू तं शिकला, बोटीत बसला, बरफ पाह्यला. आमी काय साऱ्या जिंदगीभर तुरीतले दगडंच येचाचे काय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मंग कसं म्हनते? पगार भेटन आमाले."

मी जर्मनीतल्या म्हातारीबद्दल सांगितलं. मागून एक पोरगा ओरडला, "तुह्या बुढीले इकडं आन बे! निंदाले बाया भेटत नाही!"

सगळे हसले. बाही हसला. मला त्या पोराला मारावंसं वाटलं, आणि मलाही हसू आलं, कारण म्हातारी खरंच आली असती तर तिनं आमच्या शेतातलं तण चांगलं निंदलं असतं. मग मी भाषण सोडलं. मी फक्त उभा राहिलो, माझ्या घराकडे पाठ केली, आणि आकाशात बोट दाखवून तिच्यासारखं म्हणालो, "तिथं माझी चूल होती. नाही, तिथं नाही. जरा अलीकडे." दोन-तीनदा बोट सरकवलं. हसणं थांबलं. एवढ्या वर्षांच्या शिक्षणातलं तेवढंच मला नीट सांगता आलं.

बानं एका माणसाला तंबूकडे पाठवलं. "साहेबाले बोलाव. गूळ खाल्ला हाय त्यानं. खानाराले नसाबीपुढं याच लागते."

साहेब आला. त्याला घोंगडीवर बसवलं. बानं घाई केली नाही. पाणी दिलं, उन्हाचं विचारलं. मग म्हणाला, "साहेब, एकच गोष्ट. आमी उठलो. तुमचं काम झालं, कोयसा निंगाला. माया नातवानं म्हनलं का परत जातो, तं आमच्या बायांच्या चुलीचे दगडं जाग्यावर सापडतीन?"

साहेबाला आधी प्रश्नच कळला नाही. तो हसायच्या बेतात होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. माणूस प्रामाणिक होता, हे मी त्याच्या बाजूनं कायम सांगेन. त्यानं टोपी काढली.

"नायक," तो म्हणाला, "दगड काय, जागाच राहणार नाही."

भिंतीपाशी एका बाईनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. तिकाटीचा ठोका तेवढा दूरवरून येत होता, एक, आणि मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"गूळ तं खाल्ला आपन," बा म्हणाला. "नायकाचा शबुद फिरत नाई." त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावरचं पागोटं उचललं आणि समोर जमिनीवर ठेवलं. मी त्याचं उघडं डोकं नसाबीत पहिल्यांदाच बघितलं. "ज्या नायकानं शबुद देल्ला तो आता नायक नाई. नव्या नायकाले इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाचकहो, मी लहानपणापासून ज्या एका गोष्टीविरुद्ध ओरडत आलो, ती माझ्या पायाशी पडली होती. पागोटं उचललं असतं तर एका शब्दात खाण नाकारता आली असती. नायकाचा शब्द. बापाकडून मुलाला मिळालेला. आणि उद्या माझा शब्द चुकला तर? बाचाही चांगल्या मनानंच चुकला होता. एका माणसाच्या तोंडून सगळा तांडा बोलला, म्हणूनच तर तो आज या लिंबाखाली अडकून बसला होता. दुसरीकडे, समोर जमीन जात असताना हातात आलेलं एकमेव हत्यार तत्त्वासाठी टाकून द्यायचं, हाही माज नाही का? शिकलेल्या माणसाचा माज?

मी पागोटं उचललं नाही. मी म्हणालो, "शब्द कुणी एकानं द्यायचा नाही आता. सगळ्यांनी द्यायचा. बायांनीसुद्धा. त्यांना पुढं बसवा, मग ठरवा. खाण पाहिजे ठरलं तर पाहिजे. मी अर्ज टाकीन."

बाप्यांत गलका झाला. माझा तो बंडीतला दोस्त थुंकून उठून गेला. बा हलला नाही. मागून याडी पुढं आली. तिनं वाकून पागोटं उचललं, त्याची धूळ झटकली. मला वाटलं, आता ती ते माझ्या डोक्यावर ठेवते. ती म्हणाली, "उन्हात कायले ठेवलं? रंग उडते." आणि घेऊन घरी गेली.

ते अजून आमच्या खुंटीवर आहे. ठरलेलं काही नाही. साहेबाला अंगठा हवा आहे आणि कुणाचा घ्यायचा हे त्याला कळत नाही, म्हणून कागद अडले आहेत. किती दिवस अडतील, सांगता येत नाही. नायक नसला तरी चालेल असा कागद वर कुणीतरी तयार करत असेलच. बाया दोनदा पुढं बसल्या. पहिल्या वेळी बोलल्याच नाहीत. दुसऱ्या वेळी इतक्या भांडल्या की नसाब मोडली. त्यांतल्या निम्म्यांना खाण हवी आहे, पोरांच्या पगारासाठी, आणि त्या चूक आहेत असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. दोस्त माझ्याशी बोलत नाही. बा उघड्या डोक्यानं शेतात जातो. लोक त्याला अजून नायकच म्हणतात, तो ओ देत नाही. संध्याकाळी मी पोरांना गोळा करून आमच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहितो. चार येतात, दोन पळून जातात. खाणीच्या पदवीचं हे काय केलंस, असं शिंपी विचारत नाही, पण त्याच्या मशीनचा पाय जरा जास्त जोरात चालतो.

या लिखाणात मी कुणाचं नाव घातलेलं नाही, माझंही नाही. बा म्हणेल, भेला. भ्यालो नाही. नाव घातलं तर हा एका तांड्याचा तंटा होईल, आणि तिकाट्या एकाच शिवारात उभ्या राहत नाहीत.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या शिवारात तंबू दिसला, तर पाहुण्याला पाणी द्या, सावलीत बसवा, पण गूळ देऊ नका. आधी सगळ्या गावाला बोलावा. बायांना पुढं बसवा. मग त्याला हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर तुमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्या: आम्ही परत आलो तर चुलीचे दगड जागेवर सापडतील का? आणि हे वाचून झाल्यावर घडी घालून ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही अशा चार माणसांत बसा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. आवाज गेला पाहिजे.